इटलीवाले सर आणि माझी तिरडी

सरांच्या लेखी मी पान दोनशे सोळा होतो. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी एकेक पान देऊन टाकलं होतं. पिठाच्या गिरणीवाला एकशे तीन. त्याची बायको एकशे चार, कारण ती त्याच्या कायम एक पाऊल पुढं. एकदा मी विचारलं, "सर, आपल्या देवळातले महाराज कोणत्या पानावर?" सर म्हणाले, "कोणतंही उघडा, सापडतील."

ते पुस्तक म्हणजे एक जाड इंग्रजी ठोकळा. त्याला खताच्या गोणीच्या प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. सातशे वर्षांपूर्वी इटली देशात कुणीतरी लिहिलेल्या गोष्टी, असं सर सांगायचे. लिहिणाऱ्याचं नावही सांगायचे, पण ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. चौथीनंतर शाळेला माझी गरज उरली नाही आणि मला शाळेची. पण ऐकलेलं मी विसरत नाही, आणि सरांनी त्या पुस्तकातल्या निम्म्या गोष्टी मला ओट्यावर बसून ऐकवल्या. म्हणून मी म्हणतो की ते पुस्तक मी वाचलेलं आहे. कुणाला पटत नसेल तर नसो.

सर जळगावला एका कॉलेजच्या वाचनालयात होते. तीस वर्षं नोकरी केली. त्या तीस वर्षांत ते पुस्तक एकाच माणसानं घरी नेलं होतं, खुद्द सरांनी. पुस्तकाच्या मागच्या कार्डावर वरपासून खालपर्यंत त्यांचीच सही. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजनं शाल दिली, तर सरांनी शाल परत केली आणि म्हणाले, ह्याच्या बदल्यात ते पुस्तक द्या. लोकांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. गंमत नव्हती. शालीच्या रिकाम्या खोक्यात पुस्तक घालूनच ते धरणगावला परत आले. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या घरासमोर वडिलांची दोन खोल्यांची जागा होती, तिथं राहायला लागले.

त्यांचं म्हणणं असं, की इटलीतले ते लोक आपलेच. "नाना, फरक एवढाच, की ते भरीत खात नव्हते. बाकी तिथला माणूस आणि आपल्या धरणगावचा माणूस एकाच कारणासाठी मूर्खपणा करतो."

"कोणत्या?"

"शेजारी बघतोय म्हणून."

बोलायला सर शुद्ध. मला 'तुम्ही' म्हणायचे. पण चिडले की अहिराणीत यायचे, आणि अहिराणीत आले की मी 'तू' व्हायचो. त्यावरून मला कळायचं की आता वाद खरा आहे.

त्या पुस्तकावरून परदेशात सिनेमे निघाले आहेत. सरांनी ते कुठून कुठून मिळवून लॅपटॉपवर सगळे बघितले होते. हसायचे सिनेमे म्हणे. एक-दोन मलाही दाखवले. एका सिनेमात अर्धा वेळ लोक कपड्यांवाचून हिंडत होते. दुसऱ्यात मठातल्या जोगिणी एकमेकींना शिव्या घालत होत्या. भाषा मला कळत नव्हती, पण शिवी कळते. सर तोंड वाकडं करून बघत होते. म्हणाले, "हसवायच्या घाईत ह्यांनी गोष्टीतला माणूसच घालवला."

मी म्हटलं, "आणि शिव्याही हलक्या आहेत. आपल्या मंगळवारच्या बाजारात भाजीवाल्या बायांसमोर ह्या पोरी पाच मिनिटं टिकणार नाहीत."

सरांनी लॅपटॉप बंद केला. म्हणाले, "म्हणूनच हे सिनेमे अहिराणीत झाले पाहिजेत."

मी सहज बोललो होतो. पण त्यांच्या सिनेमांची सुरुवात माझ्या त्या वाक्यापासून झाली, हे ते स्वतः सगळ्यांना सांगायचे, आणि मी कधी नाकारलं नाही.

आमच्या भागात मोबाईलवर विनोदी सिनेमे करणारे गावोगाव आहेत. पुरुषानं लुगडं नेसायचं, दारुड्यानं गटारीत पडायचं, आणि पडल्यावर मागून टुंईंग असा आवाज. सरांना ते चालत नव्हतं. त्यांचा नियम होता, काम करणाऱ्यानं हसायचं नाही आणि हसवायचंही नाही. जे करायचं ते खरं करायचं, हसणं हे बघणाऱ्याचं काम. कुणाला हसू आलं की सर त्याला नळावर पाठवायचे, तोंड धुऊन या. त्यामुळे त्यांच्या पहिल्या सिनेमात निम्म्या लोकांचे सदरे ओले दिसतात. पाऊस नाही, काही नाही, आणि माणसं ओली. त्या सिनेमात इटलीच्या व्यापाऱ्याच्या गाढवाच्या जागी म्हैस आहे. गाढव मिळत होतं, पण मालक म्हणाला, "सर, सिनेमामा गयेलं गधडं परत वझं उचलत नही."

दुसरा नियम डब्याचा. काम सुरू व्हायच्या आधी जमलेल्या सगळ्यांचे मोबाईल एका तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात जायचे. डब्याला झाकण, आणि झाकणावर सर स्वतः बसायचे. तीच त्यांची डायरेक्टरची खुर्ची. फक्त एक मोबाईल बाहेर राहायचा, चित्र घ्यायचा. तो आमच्या गल्लीतल्या टेलरची सून धरायची. तिचा हात हलत नसे. सासऱ्याच्या हाताखाली काजं करून करून तिला तो स्थिरपणा आला होता. सर तिला 'कॅमेरामन' म्हणायचे आणि ती ओ द्यायची.

असे पाच सिनेमे झाले. बघणारे थोडे. लोक म्हणायचे, सर, चांगलं आहे, पण एक टुंईंग टाका. सर ऐकायचे नाहीत. रोज दुपारी ओट्यावर बसून स्वतःचा सिनेमा पुन्हा बघायचे आणि म्हणायचे, "खोटं. सगळं खोटं. माणूस अजून ॲक्टिंग करतोय."

मग त्यांनी पान दोनशे सोळा काढलं.

गोष्ट अशी. एक हट्टी माणूस असतो. शेजाऱ्याशी त्याचं वाजतं आणि तो शपथ घेतो, समोरचा आधी बोलल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. शेजाऱ्याशी नाही म्हणजे कुणाशीच नाही. शेवटी वैतागून गाव ठरवतं, बोलत नाही तो मेलेला. त्याला तिरडीवर घालतात. त्याला सगळं कळत असतं. आपण जिवंत आहोत हेही कळत असतं. पण ओरडलो तर मी आधी बोलल्यासारखं होईल, म्हणून तो स्मशानापर्यंत गप्प पडून राहतो.

सर म्हणाले, "नाना, हे काम तुमचं. तुम्हाला ॲक्टिंग करायची गरज नाही."

मला त्यांचं बोलणं कळायला दोन दिवस लागले. कळलं तेव्हा राग आला. पण तोवर मी हो म्हणून बसलो होतो, आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही.

ते तसं का म्हणाले हे सांगायला साक्रीच्या अक्काचं सांगावं लागेल. अक्का माझी मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. नऊ वर्षं आमचं बोलणं बंद होतं. कारण भाचीची लग्नपत्रिका. पत्रिकेत मामांच्या नावांमध्ये माझ्या आधी आमच्या चुलतभावाचं नाव छापलं होतं. सख्खा मामा मी. मांडवात पत्रिका हातात घेतली, वाचली, आणि न जेवता परतीची गाडी धरली. अक्काचा निरोप आला, छापणाऱ्याची चूक झाली. मी म्हटलं, मग तिनं स्वतः येऊन सांगावं. ती म्हणाली, लहान तो आहे, त्यानं यावं. नऊ भाऊबिजा गेल्या. ना ती आली, ना मी गेलो.

आता दुसरी गोष्ट, माझ्या हातची. गावात कुणी गेलं की तिरडी बांधायला मला बोलावतात. जात, पार्टी, भांडण, मी काही बघत नाही. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, काथ्याची गाठ, वर कडबा. माझी बांधलेली तिरडी आजवर वाटेत कुरकुरलेली नाही. सर जाऊन आता दीड वर्ष झालं, त्यांचीही मीच बांधली. त्यावर जास्त बोलत नाही.

तर शूटिंगच्या दिवशी सकाळी बघतो तो ह्या लोकांनी पाण्याच्या पाइपाची तिरडी केलेली, नायलॉनच्या दोरीनं. माझं डोकं फिरलं.

"हे काय?"

"सिनेमापुरती आहे नाना," गिरणीवाला म्हणाला.

"सिनेमापुरतीही मी नायलॉनवर झोपणार नाही. लोक बघतील आणि म्हणतील, नानाच्या गल्लीत अशी तिरडी बांधतात?"

सर डब्यावर बसून हे ऐकत होते, खूश होऊन. मी माझे बांबू आणले, काथ्या भिजवला, आणि माझी तिरडी मी बांधली. मग तिच्या शेजारी पाइप शोभणार नाहीत म्हणून ते उचलायला लावले. मग मडकं रिकामं ठेवलं होतं, त्यात गोवऱ्या पेटवायला लावल्या, कारण धुराशिवाय मडकं म्हणजे पोरखेळ. भजनी मंडळातल्या चौघांना टाळ घेऊन बसवलं. गुलाल, तुळस, पांढरं कापड. माझ्या दारात, जशी असायला हवी तशी. काही कमी राहू दिलं नाही.

ही चूक माझी. सरांनी फक्त 'खरं करा' म्हटलं होतं. इतकं खरं मी केलं.

माझी बायको तिथं नव्हती. "जित्ता मानूसनी तिरडी मी दखाव नही," म्हणाली आणि आदल्या दिवशीच जामनेरला मुलीकडे गेली.

सकाळपासून मी पडून होतो. उचलायचं दृश्य चार वेळा झालं, कारण एका खांदेकऱ्याला सारखं हसू यायचं आणि तो नळावर जायचा. मग रडायचं दृश्य. मेलेल्या माणसाची बहीण येते आणि रडते, एवढंच. त्यासाठी धुळ्याहून एक बाई येणार होती, नाटकांतून कामं केलेली. तिची बस चुकली. सर म्हणाले, थांबू. गर्दीला त्यांनी दोरी बांधून लांब उभं केलं होतं. मी म्हटलं, तोवर उठतो. सर म्हणाले, "कशाला? कडबा विस्कटेल." गाठी माझ्या होत्या, म्हणून मीही पडून राहिलो.

तेवढ्यात आमच्या भावकीतला एकजण मोटारसायकलवरून कापसाच्या जिनिंगकडे चालला होता. त्यानं लांबून माझं दार बघितलं. तिरडी, धूर, टाळ, पांढऱ्या कापडात मी. थांबला नाही, कामाची घाई होती. पण फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मग कुणीतरी माझा फेटा घातलेला जुना फोटो शोधला, त्याच्याभोवती फुलं लावली, आणि तो गावोगाव फिरला.

लोकांनी फोन केले. माझा मोबाईल डब्यात. गिरणीवाल्याचा डब्यात. सगळ्या गल्लीचे डब्यात. डबा नुसता थरथरत होता आणि सर वर बसलेले. त्यांना खालून गुदगुल्या होत असणार, पण नियम म्हणजे नियम. जामनेरला बायकोनं तिकडच्या पाहुण्यांना सांगितलं, घाबरू नका, सिनेमा आहे. साक्रीला सांगायचं तिला सुचलं नाही. कसं सुचेल? साक्रीशी आमचं बोलणंच नव्हतं.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबल्याचा आवाज आला. कापडाखालून मला फक्त आवाज. पायातल्या चपला फरफटत कुणीतरी येत होतं, आणि रडत.

सरांचा आवाज आला. "आली बाई. लुगडं पण बरोबर नेसलीय. कॅमेरामन, घे."

आणि मग, "मना भाऊ वं! माय वं, मना भाऊ!"

डोक्यावरून पदर, नऊ वर्षांत वाकलेली. दोरीपलीकडच्या कुणी ओळखली नाही. मी आवाजावरून ओळखली.

ती माझ्या उशाशी बसली. तिनं आणलेली टॉवेल-टोपी माझ्या छातीवर ठेवली. हात माझ्या कपाळावर. आणि आमच्याकडच्या बाया रडताना बोलतात तशी ती बोलायला लागली.

"नऊ वरीस बोलना नही रे भाऊ, आते काय बोलशी! तुले कडवर लिसन मी वावरे फिरनू, नि एक कागदना करता तू माले सोडी दिधं! मीच येवाले जोयजे व्हतं रे. मोठी मी ना रे. मीच येवाले जोयजे व्हतं."

ज्यासाठी मी नऊ वर्षं अडून बसलो होतो, तेच ती म्हणत होती. मी मेलो असं समजून म्हणत होती.

मी उठलो नाही. सरांनी हलू नका म्हटलं होतं म्हणून नाही, हे नीट लिहून ठेवतो. ती आली होती ती मेलेल्या माणसाकडे. उठून 'अक्का' म्हटलं असतं, तर जिवंतपणी आधी बोललो तो मी, असं झालं असतं. एवढंच कारण. दुसरं कोणतंही नाही. टेलरची सून नंतर म्हणाली, चार मिनिटं. मला किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

मग माझ्या घशात आवंढा आला आणि मी तो गिळला.

अक्काचं रडणं थांबलं.

"गिळस?" ती म्हणाली. "मढं गिळस का रे?"

तिनं तोंडावरचं कापड ओढलं. मी डोळे उघडले. तिनं पायातली चप्पल काढली. पहिली खांद्यावर बसली. बाकीच्या पाठीवर, कारण तोवर मी उठून बसलो होतो.

"जित्ता शे! जित्ता शे नि माले रडू देस! बठ्ठा गाव दखी र्‍हायना नि माले रडू देस!"

दोरीपलीकडचे लोक पोट धरून हसत होते. त्यांना वाटलं, काय बाई आणली सरांनी! फक्त सर हसत नव्हते. ते डब्यावरून उठून उभे राहिले होते. त्यांना कळलं होतं.

अक्कानं पाणीसुद्धा घेतलं नाही. जीपमध्ये बसली आणि गेली. मी दारात तिरडीवर बसून राहिलो. अर्ध्या तासानं धुळ्याची खरी बाई बसमधून उतरून आली, घाम पुसत म्हणाली, "उशीर झाला हो. मी कुठं बसून रडायचं?"

सर म्हणाले, "बाई, चहा घ्या. रडून झालंय."

सगळे पांगल्यावर मी सरांच्या खोलीत गेलो. ते आणि टेलरची सून लॅपटॉपवर तेच बघत होते.

"ते पुसून टाका," मी म्हटलं.

"नाही."

"सर, माझी बहीण आहे ती. लोक तिच्या रडण्यावर हसतील."

"हसतील. पहिली दोन मिनिटं हसतील. मग नाही हसणार." ते माझ्याकडे बघत नव्हते. "नाना, मी पाच सिनेमे केले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हे पुस्तक मला पाठ आहे. एवढ्या सगळ्यात ही चार मिनिटं सोडली तर एक गोष्ट खरी नाही. ही पुसली तर मग मी नुसता म्हातारा आहे, मोबाईल घेऊन खेळणारा."

"असलात तर असा. पण पुसा."

आणि सर अहिराणीत आले. "बहीन! नऊ वरीसमा आज तुले बहीन याद उनी? ती रडी र्‍हायंती तवय तू काय करी र्‍हायंता? पडी र्‍हायंता! मना सिनेमा खोटा करस नि मालेच शिकाडस?"

उत्तर नसलं की मी आवाज वाढवतो. मीही बोललो, त्यांच्या न झालेल्या लग्नाबद्दल, वडिलांबद्दल, जे बोलायला नको ते. टेलरच्या सुनेनं मोबाईल पदरात घेतला आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"नाना, मी पुसणार नाही. सर, मी सिनेमात लावणारही नाही. ज्या बाईचं रडणं आहे तिला विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पिशवीत लॅपटॉप घालून साक्रीला निघाले. मी ओट्यावर होतो. मला चला म्हणाले नाहीत. जाता जाता म्हणाले, "तुम्ही येऊ नका. तुम्ही तिथं वारलेले आहात."

तिसऱ्या दिवशी परत आले. मी वाट बघत होतो, पण तसं दाखवलं नाही. त्यांनी हातपाय धुतले, माझ्याकडे आले, बसले, आणि साक्रीच्या बाजारात ह्या वर्षी भुईमूग किती आलाय ते सांगायला लागले.

मी म्हटलं, "काय म्हणाली?"

"कोण?"

"कोण म्हणजे?"

"ती का? ती बोलली बरंच. जेवायलाही वाढलं. मी तिला सगळं दाखवलं, चपलेपर्यंत. तिनं हो की नाही ते सांगितलं."

"मग काय सांगितलं?"

"ते तिला विचारा. तुमच्या तोंडून हो ऐकलं तर सिनेमात ठेवीन. नाही ऐकलं तर पुसून टाकीन. पण ऐकणार तुमच्या तोंडून. मी निरोप्या नाही."

आणि खरंच नाही सांगितलं. बावीस दिवस नाही सांगितलं. त्यांचा जीव त्या सिनेमात अडकला होता. लॅपटॉप उघडायचे, त्या जागेपर्यंत यायचे, बंद करायचे. मी साक्रीला बोललो नसतो तर तो सिनेमा तसाच पडून राहिला असता, आणि त्यांची तेवढीही तयारी होती. मला वाटायचं, जगात माझ्याएवढा हट्टी कुणी नाही. ते बावीस दिवस मला जड गेले ते ह्यासाठी, की समोरच्या ओट्यावर दुसरा बसला होता. रोज दुपारी यायचे. कधी भरीत आणायचे, कधी पुस्तकातली गोष्ट. गल्लीतले विचारायचे, सर, सिनेमा कधी? सर माझ्याकडे बोट करायचे. "नानांचं एक काम राहिलंय."

शेवटी तोडगा माझ्या बायकोनं काढला. अक्कानं आणलेली ती टॉवेल-टोपी तेव्हापासून खुंटीला होती. दुखवट्याची. बायको म्हणाली, "ह्याचं काय करायचं? मेलेल्याला आणलेली टोपी घरात ठेवू नये. तुम्ही जिवंत, म्हणून कुणाला देताही येत नाही. जिनं आणली तिलाच विचारा."

हे बरोबर होतं. रीत म्हणून विचारायला हरकत नव्हती. रीतीचं विचारणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं आणि साक्रीचा नंबर लावला.

"हालो?"

"मी बोलस."

"कोन मी?"

"मी."

"हां. जो मरी ग्या व्हता तो का?"

"अक्का, ती टोपी. त्या टोपीनं काय करू?"

ती म्हणाली, "घाल. डोकावर घाल. त्या व्हिडिओमा तुनं टक्कल कितलं दखास!"

"आनी व्हिडिओनं काय?"

"ते तुना सरले सांगी दिधं मी तवयच. ठेवा म्हनं. मी रडनू ते काय चोरी करी का? पन चप्पल कापानी नही. चप्पल बठ्ठी ठेवानी."

मी बरं म्हटलं. आता फोन ठेवावा का काही बोलावं, मला सुचेना. तीच बोलली.

"आनी एक आयकी ले, भाऊ. तू खरा मरशी ना, तवय मी रडाव नही. मनं रडनं व्हई गये."

फोन बंद झाला.

मी टोपी घातली आणि सरांकडे गेलो. सांगितलं, हो म्हणाली, आणि चप्पल कापायची नाही. सरांनी लगेच लॅपटॉप उघडला. मग मी तिचं शेवटचं वाक्यही सांगितलं. ते थांबले. पुन्हा म्हणा, म्हणाले. मी पुन्हा म्हटलं.

"हे रेकॉर्ड केलं?"

"नाही."

"नाना! अरे, तोच शेवट व्हता ना! सातशे वरीसमा कोनले सुचना नही तो शेवट! परत फोन लाव तिले. परत म्हनाले सांग."

"ते मला म्हटलंय तिनं. सिनेमाला नाही."

सर भांडतील असं वाटलं. पण त्यांनी मान खाली घातली आणि कामाला लागले. सिनेमा त्यांनी चपलेवरच संपवला. त्यांच्या सगळ्या सिनेमांत तोच लोकांनी जास्त बघितला, आणि ते म्हणाले होते तसंच झालं. दोन मिनिटं लोक हसतात, मग हसत नाहीत, मग चप्पल निघते आणि पुन्हा हसतात.

अजून कुणी कुणी मला वाटेत अडवतं आणि विचारतं, नाना, त्या सिनेमातला माणूस शेवटपर्यंत बोलतच नाही का? मी सांगतो, बोलला, बावीस दिवसांनी, फोनवर. त्यांना वाटतं हाही विनोद आहे. हसतात. हसू देत.